सारखी दिसणारी हार्मोन्स, सारखे दिसणारे रिसेप्टर : या चुका टाळा

दहा आठवड्यांची गरोदर बाई. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) फारच कमी, ०.०४; फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, वरच्या मर्यादेला टेकलेलं. रिपोर्टच्या प्रतीवर कुणीतरी पेनाने ‘हायपरथायरॉइड’ लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवीन होतो. आकडे बघून माझीही मान आपसूक डोलली. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या वरिष्ठ मॅडमनी मान वर न करता विचारलं, "किती आठवडे झालेत रे?"

"दहा."

"मग एचसीजी कुठे असेल आत्ता?"

मला एचसीजीचा आणि थायरॉइडचा संबंधच लागेना. एक गर्भारपणाचं हार्मोन, दुसरं गळ्यातल्या ग्रंथीला कामाला लावणारं. मॅडमनी रिपोर्ट उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चार जोड्या काढल्या. डावीकडे चारही वेळा तोच गोल, उजवीकडे चार वेगवेगळे चौकोन. खाली नावं : टीएसएच, एलएच, एफएसएच (ही दोन अंडाशय आणि वृषणांना चालना देणारी), एचसीजी. "गोल चौघांचा एकच," त्या म्हणाल्या, "आणि चौकोन तुला वाटतात तेवढे वेगळे नाहीत."

हा गोल म्हणजे अल्फा साखळी. ९२ अमायनो आम्लांची, चारही हार्मोन्समध्ये तीच, एकाच जीनवरून बनणारी. चौकोन म्हणजे बीटा साखळी, आणि हार्मोनची ओळख तिच्यावरून ठरते. एलएचची बीटा १२१ अमायनो आम्लांची, एचसीजीची १४५. दोन्ही शेजारी मांडल्या की जिथवर जोडी लागते तिथवर ८० टक्क्यांहून जास्त जागी तेच अमायनो आम्ल दिसतं. एचसीजीला वर एक शेपूट आहे, साखरेच्या रेणूंनी लगडलेलं. टीएसएचच्या बीटाशी मात्र एचसीजीचं साम्य बरंच कमी, ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणून एचसीजी टीएसएचच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनावर, बसतं ते ढिलं बसतं. पण गर्भारपणाच्या आठव्या ते अकराव्या आठवड्यात रक्तातलं एचसीजी लिटरला लाख युनिटच्या घरात जाऊ शकतं. इतकी गर्दी झाली की ढिलं बसणारंही काम करून जातं. थायरॉइडला थोडी जास्तीची चालना मिळते आणि मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी आपला टीएसएचचा पुरवठा आखडता घेते.

त्या बाईंच्या गळ्याला सूज नव्हती, डोळ्यांत काही नव्हतं, टीएसएच-रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीही सापडल्या नाहीत. काही आठवड्यांनी एचसीजी उतरलं तसं टीएसएच आपलं आपण वर आलं. (ग्रेव्हज आजार, म्हणजे अशा अँटिबॉडींमुळे थायरॉइड बेफाम होणं, हाही गर्भारपणात होतो, तेव्हा या तपासण्या न करता ‘एचसीजीमुळेच असेल’ म्हणून मोकळं होणं हीसुद्धा चूकच.)

तेव्हापासून ‘ही दोन हार्मोन्स सारखी आहेत’ असं कुणी म्हणालं की मी तीन गोष्टी विचारतो. सारखेपणा नेमका कोणत्या भागात? तो भाग बघणारा कोण, म्हणजे रिसेप्टर की हार्मोन मोजायच्या आपल्या किटमधली अँटिबॉडी? आणि रक्तात माल किती? पुढच्या बहुतेक चुका यांतला एखादा प्रश्न गाळल्यामुळे होतात. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत होतात, प्रयोगशाळेत होतात, आणि माझ्या हातूनही झाल्या आहेत.

‘७८ टक्के होमॉलॉजी’ असं लिहिणं

आधी किरकोळ चूक उरकून टाकू. ऑक्सिटोसिन (प्रसूतीत गर्भाशय आवळणारं) आणि व्हॅसोप्रेसिन (शरीरात पाणी राखणारं) दोन्ही नऊ-नऊ अमायनो आम्लांची. फरक फक्त तिसऱ्या आणि आठव्या जागी : ऑक्सिटोसिनमध्ये आयसोल्युसिन आणि ल्युसिन, तर माणसाच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन आणि आर्जिनिन. नवातली सात सारखी म्हणजे ७८ टक्के. पण ही टक्केवारी आयडेंटिटीची, म्हणजे तंतोतंत जुळणाऱ्या जागांची. होमॉलॉजी म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेलं असणं. नातं असतं किंवा नसतं, ते टक्क्यांत मोजत नाहीत. सख्ख्या भावंडांना आपण ‘७८ टक्के भावंडं’ म्हणतो का?

याच्याच जोडीची दुसरी अडचण कॉम्प्युटरवर येते. विद्यार्थी ही नऊ अमायनो आम्लांची अक्षरं ब्लास्ट या साखळ्या जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकतात आणि ‘काहीच सापडलं नाही’ म्हणून हात वर करतात. इतक्या छोट्या तुकड्याची जुळणी योगायोगानेही होऊ शकते, म्हणून प्रोग्रॅम ती महत्त्वाची धरत नाही. अशा वेळी पूर्वरूपाची, म्हणजे हार्मोन जिच्यातून कापून निघतं ती, अख्खी साखळी घ्यावी. हार्मोनच्या मागोमाग त्यात न्यूरोफायसिन नावाचं प्रथिन असतं आणि नात्याचा खरा पुरावा तिथे भरपूर मिळतो. उलट बाजूने, पूर्वरूप आणि तयार हार्मोन यांच्या जागांचे क्रमांक एकत्र करू नका. इन्सुलिनचं पूर्वरूप ११० अमायनो आम्लांचं, तयार इन्सुलिन ५१ चं. ‘बी साखळीतली तिसावी जागा’ आणि ‘तिसावी जागा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ध्याअधिक न जुळणाऱ्या तक्त्यांचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

कुलूप-किल्लीत अडकून पडणं

शाळेत शिकलेली उपमा. एका कुलपाची एक किल्ली, दुसरी लागत नाही. सुरुवातीला ठीक आहे, पण पुढे ती पायात येते, कारण किल्लीला ‘लागते’ किंवा ‘लागत नाही’ एवढंच माहीत असतं. रिसेप्टरचं तसं नसतं. तिथे हार्मोन सतत बसत असतं, सुटत असतं. किती घट्ट बसतं आणि आजूबाजूला किती आहे, या दोन्हींवरून एखाद्या क्षणी किती रिसेप्टर भरलेले असतील ते ठरतं. घट्टपणा शंभरपट कमी पण माल शंभरपट जास्त, तर हिशेब जवळपास तोच.

ऑक्सिटोसिनचंच घ्या. मूत्रपिंडातला व्ही-२ रिसेप्टर व्हॅसोप्रेसिनचा, पाणी अडवून धरणारा. शरीरात नेहमी असतं तेवढं ऑक्सिटोसिन तिथे फारसं काही करत नाही. पण प्रसूतीत ते सलाइनमधून मोठ्या मात्रेत, बराच वेळ आणि सोबत मीठ नसलेला भरपूर द्रव असं दिलं गेलं तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम घसरतं, झटकेही येऊ शकतात. नवातली सात अमायनो आम्लं सारखी आहेत हे व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांच्या कामातून १९५० च्या दशकातच पुढे आलं होतं. त्यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही सलाइनच्या बाटलीशेजारी उभं असताना ही सात अक्षरं आठवत नाहीत.

औषध बनवणाऱ्यांनी हेच उलटं वापरलं. व्हॅसोप्रेसिनच्या पहिल्या जागेवरचा अमिनो गट काढला, आठव्या जागेवरचं आर्जिनिन त्याच्या आरशातल्या रूपाने बदललं, आणि झालं डेस्मोप्रेसिन. ते व्ही-२ वर जोरदार चालतं, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या व्ही-१ए कडे जवळपास ढुंकूनही बघत नाही.

हार्मोन सारखी, म्हणून रिसेप्टरही सारखे असणार असं धरणं

ही चूक मला सगळ्यात आवडते, कारण ती हुशार विद्यार्थी करतात.

इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारं हार्मोन) सारखी, त्यांचे रिसेप्टरही सारखे. दोन्ही टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिनला फॉस्फेट लावून निरोप पुढे नेणारे, आणि इतके जवळचे की पेशीत त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या भागांचे मिश्र रिसेप्टर बनतात. इथवर तर्क बरोबर. मग रिलॅक्सिन हे गर्भारपणातलं हार्मोन येतं. तेही दोन साखळ्यांचं, तेच सहा सिस्टीन, तीच तीन गंधक-बंधांची बांधणी. घडी हुबेहूब इन्सुलिनची. साहजिकच अनेक वर्षं शोध इन्सुलिनच्या रिसेप्टरसारखंच काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून चालला. २००२ मध्ये रिसेप्टर सापडला तो निघाला पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारा, जी-प्रथिनांशी (पेशीत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांशी) जोडलेला. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे टीएसएच आणि एलएच यांचे रिसेप्टर. म्हणजे हार्मोन इन्सुलिनच्या घरातलं, रिसेप्टर थायरॉइडच्या वाड्यातला!

नावानेही फसगत होते. ‘आयजीएफ-२ रिसेप्टर’ या नावावरून तो आयजीएफ-१ च्या रिसेप्टरचा धाकटा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात तो मॅनोज-६-फॉस्फेट लागलेली प्रथिनं वाहून नेणारा रेणू आहे, त्यात कायनेज नाही. आयजीएफ-२ ला तो मुख्यतः पेशीत ओढून संपवतो. आयजीएफ-२ चं खरं काम आयजीएफ-१ आणि इन्सुलिनच्या रिसेप्टरवरून चालतं. म्हणूनच काही गाठी अर्धवट प्रक्रिया झालेलं ‘मोठं’ आयजीएफ-२ सोडतात तेव्हा रक्तातली साखर कोसळते, आणि तपासायला जावं तर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सुटणारा तुकडा) दोन्ही खाली असतात. ज्याने इन्सुलिन हे एकच नाव डोक्यात धरलंय तो इथे गोंधळतो.

याच्या बरोब्बर उलट उदाहरण पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरांचं. माणसात त्यांचं ४८ जणांचं कुटुंब आहे. थायरॉइड हार्मोन, ड जीवनसत्त्व, इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल यांचे रिसेप्टर एकाच साच्यातले. पण हार्मोन बघाल तर थायरॉइडचं टी-३ टायरोसिनपासून बनलेलं, आयोडीन लागलेलं. इस्ट्रोजेन कोलेस्टेरॉलपासून आलेलं, चार कड्यांचं. रिसेप्टर भावंडं, हार्मोन परकी. आणि स्टेरॉइडच्या रिसेप्टरवर बसायला स्टेरॉइडच असावं लागतं असंही नाही. चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल बनवलं. त्यात स्टेरॉइडचा सांगाडा नाहीच. पण दोन टोकांचे दोन हायड्रॉक्सिल गट इस्ट्राडायोलमध्ये असतात साधारण तेवढ्याच अंतरावर येतात, आणि इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला ते पुरतं. कागदावर काढलेली रचना आणि रिसेप्टरला जाणवणारा आकार यांत हे अंतर असतं.

साम्य दोन्ही बाजूंनी लागू होतं असं मानणं

माणसाचं ग्रोथ हार्मोन १९१ अमायनो आम्लांचं, प्रोलॅक्टिन १९९ चं. ग्रोथ हार्मोन जस्ताच्या मदतीने प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरवरही बसतं. प्रोलॅक्टिन मात्र ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरवर चालत नाही. एकेरी रस्ता आहे. वारेतून येणाऱ्या हार्मोनचं नाव प्लॅसेंटल लॅक्टोजेन, म्हणून ते प्रोलॅक्टिनचं भावंड वाटतं. पण त्याची साखळी सुमारे ८५ टक्के जागी ग्रोथ हार्मोनशी जुळते, आणि काम करतं ते जास्त करून प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरवर. नाव एकाकडचं, चेहरा दुसऱ्याचा.

प्राणी बदलला की हाच प्रश्न आणखी तिखट होतो. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसाच्या तुलनेत एकच अमायनो आम्ल वेगळं, गाईच्या तीन. दोन्ही कित्येक दशकं माणसांना दिली गेली आणि चालली. त्याच धर्तीवर गाईचं ग्रोथ हार्मोनही चालेल असं वाटलं होतं. ते माणसात चाललं नाही. ‘इन्सुलिनचं झालं तसं’ हा युक्तिवाद प्रत्येक हार्मोनला लावू नका.

रिसेप्टर एकच, म्हणजे परिणाम एकच

एलएच आणि एचसीजी यांचा रिसेप्टर एकच. म्हणून उपचारात, बीज बाहेर पडायला लागणाऱ्या एलएचच्या लाटेऐवजी एचसीजीचं इंजेक्शन चालतं. पण एलएच रक्तातून तासाभराच्या हिशेबात कमी होतं, तर एचसीजी निम्मं व्हायला एक-दीड दिवस घेतं. ते लगडलेलं शेपूट इथे कामाला येतं. त्यामुळे अंडाशयाला मिळणारा धक्का लांबतो, आणि ज्यांच्या अंडाशयात बरीच बीजं वाढलेली आहेत त्यांच्यात अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका वाढतो. रिसेप्टर तोच, निरोप तोच, फक्त निरोप्या दारातून हलत नाही.

पहारेकऱ्याला विसरणं : कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन

इथे जरा थांबू, कारण रचनेचा इतका सुंदर हिशेब दुसरीकडे क्वचित मिळतो.

अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर मूत्रपिंडात मीठ राखायला सांगतो. माणसातल्या या रिसेप्टरचा जीन १९८७ मध्ये हाती आला आणि दिसलं ते चक्रावणारं होतं : रिसेप्टर कॉर्टिसॉललाही अल्डोस्टेरॉनइतकंच घट्ट धरतो. वर रक्तात कॉर्टिसॉल सकाळच्या वेळी लिटरला काहीशे नॅनोमोल, अल्डोस्टेरॉन एका नॅनोमोलपेक्षाही कमी. कॉर्टिसॉलचा बराचसा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो हे धरलं तरी मोकळं कॉर्टिसॉल शंभरेक पट जास्त उरतं. मग अल्डोस्टेरॉनचं कुणी ऐकतं तरी कसं?

उत्तर रिसेप्टरमध्ये नाहीच, ते त्याच्या शेजारी आहे. मूत्रपिंडाच्या त्या पेशींत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते कॉर्टिसॉलच्या ११ व्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट कीटोनमध्ये बदलतं. कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन होतं आणि कॉर्टिसोनला हा रिसेप्टर विचारत नाही. आता खरी गंमत. ११ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल अल्डोस्टेरॉनलाही आहे. मग ते कसं सुटतं? अल्डोस्टेरॉनच्या १८ व्या कार्बनवर अल्डिहाइड असतो (नावात ‘अल्डो’ आलंय ते तिथून). तो वळून ११ व्या जागेच्या हायड्रॉक्सिलला मिठी मारतो आणि दोघांचं एक कडं बनतं. एन्झाइमला पकडायला टोकच मोकळं राहत नाही. विद्यार्थ्यांना मी ही दोन चित्रं शेजारी काढून फक्त ११ आणि १८ हे आकडे गोल करायला सांगतो. एकदा हे कडं स्वतःच्या हाताने काढलं की विसरत नाही.

या पहारेकऱ्याला झोपवलं तर? ज्येष्ठमधातलं ग्लिसिरेटिनिक आम्ल नेमकं तेच करतं. कॉर्टिसॉल आत घुसतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. चित्र अल्डोस्टेरॉन वाढल्याचं, पण मोजलं तर अल्डोस्टेरॉन खाली आणि त्याला चालना देणारं रेनिनही खाली. या एन्झाइममध्ये जन्मजात दोष असला तरी हेच दिसतं. असा रिपोर्ट आला की ‘अल्डोस्टेरॉनचं किट बिघडलं’ म्हणून पुन्हा चालवण्याआधी रुग्ण काय घेतो ते विचारा. मी एकदा किट दोनदा बदलून मग विचारलं होतं.

कधी रिसेप्टरच बदललेला असतो. याच रिसेप्टरमध्ये ८१० व्या जागी सेरिनऐवजी ल्युसिन आलेलं एक कुटुंब २००० मध्ये समोर आलं. या एका बदलामुळे प्रोजेस्टेरॉन, जे एरवी हा रिसेप्टर अडवतं, तेच त्याला चालू करू लागतं. परिणाम म्हणजे कमी वयात रक्तदाब आणि गर्भारपणात, प्रोजेस्टेरॉन चढलेलं असताना, तो आणखी भडकलेला. स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचं औषधही अशा रिसेप्टरवर उलटं पडतं. आमच्या पहिल्या गोष्टीतल्या टीएसएच रिसेप्टरचंही असं उदाहरण १९९८ मध्ये नोंदलं गेलं : १८३ व्या जागी लायसिनचं आर्जिनिन झालेल्या मायलेकी, ज्यांना गर्भारपणात नेहमीच्याच एचसीजीने हायपरथायरॉइड होत असे.

स्पायरोनोलॅक्टोनचं नाव निघालंच आहे तर : त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा, त्यामुळे ते अँड्रोजेनचा रिसेप्टरही अडवतं. १९९९ च्या रेल्स या हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना छाती वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत १ टक्क्याला. ‘दुष्परिणाम’ म्हणून पाठ करण्याऐवजी रचना बघितली की ते आपोआप सुचतं.

किटमधली अँटिबॉडी म्हणजे रिसेप्टर असं समजणं

प्रयोगशाळेतली ही सगळ्यात महागडी चूक. अँटिबॉडी हार्मोनचा एखादा छोटा कोपरा ओळखते. रिसेप्टर वेगळा कोपरा बघतो. एकाला सारखं वाटतं ते दुसऱ्याला सारखं वाटेलच असं नाही, आणि हे दोन्ही दिशांनी घडतं.

कर्करोगाच्या काही गाठी पीटीएचआरपी सोडतात. त्याच्या सुरुवातीच्या १३ अमायनो आम्लांपैकी ८ पॅराथायरॉइड हार्मोनशी, म्हणजे पीटीएचशी जुळतात. रिसेप्टर दोघांचा एकच आणि त्याला फरक कळत नाही, कॅल्शियम चढतं. पीटीएचच्या किटला मात्र फरक कळतो, ते पीटीएचआरपी मोजत नाही. म्हणून कॅल्शियम वर आणि पीटीएच दबलेलं असा जोड दिसतो. तो विरोधाभास नाही, तोच निदानाकडे बोट दाखवतो.

उलट प्रकार पेग्व्हिसोमंट या औषधाचा. हे ग्रोथ हार्मोनचंच थोडं बदललेलं रूप, रिसेप्टरवर बसून त्याला चालू न करणारं. रिसेप्टरला फरक कळला, पण ग्रोथ हार्मोनच्या अनेक किटना कळत नाही. ती औषधालाच हार्मोन म्हणून मोजतात. शिवाय औषधामुळे शरीरातलं ग्रोथ हार्मोन वाढतंही. म्हणून अशा रुग्णात उपचाराचा अंदाज आयजीएफ-१ वरून घ्यायचा, ग्रोथ हार्मोन मागवायचंच नाही.

स्टेरॉइडमध्ये तर रेणूच लहान, अँटिबॉडीला धरायला कोपरे थोडे. प्रेडनिसोलोन हे औषध आणि कॉर्टिसॉल यांत फरक पहिल्या-दुसऱ्या कार्बनमधल्या एका दुहेरी बंधाचा. अनेक किट प्रेडनिसोलोनला कॉर्टिसॉल म्हणून मोजतात, आणि ज्याची स्वतःची, कॉर्टिसॉल बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेली आहे त्याचा रिपोर्ट छान नॉर्मल येतो. त्याच जातीच्या डेक्सामेथासोन या औषधात जास्तीचं फ्लोरीन आणि मिथाइल गट असल्याने ते किटला सहसा फसवत नाही. स्तनाच्या कर्करोगावरचं फुल्व्हेस्ट्रँट इस्ट्राडायोलच्याच सांगाड्यावर लांब शेपूट लावून बनवलंय, त्यामुळे काही किटमध्ये इस्ट्राडायोल खोटं वर येतं आणि उपचार फसल्यासारखं भासतं.

प्रत्येक विचित्र आकड्याला ‘क्रॉस-रिअ‍ॅक्शन’ म्हणणं

हे सगळं शिकल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो, सगळीकडे क्रॉस-रिअ‍ॅक्शन, म्हणजे किटने भलताच रेणू मोजणं, बघू लागतो. पाळी गेलेल्या बाईंचं एचसीजी ९ आलं. "एलएच वाढलेलं असतं ना या वयात, किट तेच मोजतंय," असं मीही सांगून मोकळा झालो होतो. जुन्या किटबाबत ते खरं होतं. एचसीजीच्या बीटावर नेम धरणारी चाचणी १९७२ मध्ये आली, त्याआधी एलएच आणि एचसीजी वेगळं करणं अवघडच होतं. पण आजची चांगली किट एलएचला फसत नाहीत. या वयात पिट्युटरी स्वतःच थोडं खरंखुरं एचसीजी बनवते. इस्ट्रोजेन दिलं की ते खाली येतं, आणि तीच त्याची ओळख. (घरी वापरायच्या एलएचच्या पट्ट्यांची गोष्ट निराळी. त्या गर्भारपणात एचसीजीमुळे ठळक उमटू शकतात.)

अतिनेमक्या अँटिबॉडीचीही अडचण असते. एलएचच्या बीटामध्ये दोन जागी बदल असलेला एक प्रकार बऱ्याच निरोगी लोकांत सापडतो. काही किटना तो दिसतच नाही. एलएच शून्य, पाळी नियमित, असा रिपोर्ट १९९२ च्या सुमारास संशोधकांना कोड्यात टाकून गेला तो यामुळे.

आकडा पटत नाही तेव्हा

आधी औषधं विचारा, नावासकट, ‘ताकदीच्या गोळ्या’ आणि मलमंसुद्धा. मग नमुना पातळ करून पुन्हा चालवा. दहापट पातळ केल्यावर उत्तर दहाव्या हिश्श्याला यायला हवं. नाही आलं तर किट भलतंच काही मोजतंय. फार जास्त एचसीजीमध्ये आकडा उलट कमी दिसतो, तोही पातळ केल्यावर उघडा पडतो. एचसीजीचा संशय उरलाच तर लघवीत बघा; रक्तातल्या ज्या अँटिबॉडी किटला गोंधळात टाकतात त्या मोठ्या असल्याने लघवीत उतरत नाहीत. दुसऱ्या बनावटीच्या किटवर नमुना चालवणंही उपयोगी, कारण त्यातली अँटिबॉडी वेगळा कोपरा धरते. स्टेरॉइडसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) मिळत असेल तर वाद तिथेच मिटतो.

किटच्या माहितीपत्रकातला क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटीचा तक्ता जरूर वाचा, पण टक्का लहान दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. समजा टेस्टोस्टेरॉनच्या किटमध्ये डीएचईए-सल्फेट या अ‍ॅड्रिनलमधल्या स्टेरॉइडचा टक्का ०.०१ आहे. बाईच्या रक्तात डीएचईए-सल्फेट लिटरला ५,००० नॅनोमोल असेल तर त्याचा ०.०१ टक्का म्हणजे अर्धा नॅनोमोल. बाईचं खरं टेस्टोस्टेरॉन एक नॅनोमोलच्या आसपास, म्हणजे रिपोर्ट दीडपट झाला. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन पंधरा नॅनोमोल असतं, तिथे हाच अर्धा नॅनोमोल कुणाच्या लक्षातही येणार नाही. किट तेच, टक्का तोच.

आणि मागणीचा फॉर्म पूर्ण भरून घ्या. आमच्याकडच्या फॉर्मवर ‘गर्भाचे आठवडे’ असा रकाना होता, पण अगदी तळाशी, सहीच्या खाली, आणि बहुतेक वेळा कोरा. त्या रिपोर्टनंतरच्या छपाईत मॅडमनी तो उचलून वर आणला, टीएसएचच्या चौकोनाला लागून.